पुसलेलं कुठं जाते

लग्नाची जेवणं उरकली, नवरी गाडीत बसली, की फुफी माझ्यासमोर येऊन उजवा तळहात पुढे करायची आणि एकच शब्द बोलायची. "चिप." कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड त्या तळहातावर पडेपर्यंत हात मागे जात नसे. पडलं की मूठ अशी मिटायची, की उघडायला पोलीसच बोलवावे लागले असते. मग जरा मऊ होऊन म्हणायची, "तू चांगली हायेस, फोटोवाली. पन चीज गायब होते ते चांगल्या मानसाच्याच हातून. चोराच्या हातात कोनी देतच नाई."

फुफी म्हणजे आत्या. ती नेमकी कोणाची आत्या होती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. अकोल्यात मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरलं, की दर दुसऱ्या घरात तिला फुफी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नदीच्या अलीकडे आमचा छोटा स्टुडिओ होता. हे बाहेरची लग्नं करत, मी दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढत असे. रोलच्या काळात जुन्या शहरातल्या लग्नांत पुरुषांचेच फोटो निघत. बायकांच्या बाजूला कॅमेरा जात नसे, आणि त्याला कारण फोटो काढणारा नव्हता. कारण होतं रोल धुणारा. रोल लॅबमध्ये जाणार, तिथला अनोळखी माणूस सगळ्या बायका बघणार, आणि त्याने किती प्रिंटा काढल्या हे देवालाच ठाऊक.

आम्ही डिजिटल कॅमेरा घेतल्याची बातमी नदीपलीकडे पोचली आणि फुफी दुकानात हजर झाली. बसली नाही. उभ्यानेच विचारलं, "याच्यात धुयाले कोनाले द्या लागत नाई?"

"नाही."

"आन जो फोटो नको, तो?"

मी कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण दाबून काउंटरचा फोटो पुसून दाखवला. तिने पुन्हा काढायला लावला, पुन्हा पुसायला लावला. मग कॅमेरा उलटा करून बुडाशी बघितलं, तिथून काही गळतंय का म्हणून. शेवटी म्हणाली, "तुह्या मालकाचं काम नाई. तू येजो." माझा पुढचा सगळा धंदा त्या एका बटणावर उभा राहिला.

तिचा रिवाज ठरलेला होता. लग्नाच्या दिवशी चिप तिच्या मुठीत. दुसऱ्या दिवशी ती चिप घेऊन दुकानात यायची आणि आधी ह्यांना बाहेर काढायची. "तुह्या मालकाले चहा प्याले पाठव." ह्यांना आम्लपित्ताचा त्रास, चहा चालत नसे. ते बिचारे समोरच्या पानठेल्यावर उगाच उभे राहत. मग ती बुरख्याचा नकाब वर टाकून माझ्या खुर्चीला खुर्ची लावायची आणि एकेक फोटो बघायची. "हिचा डोक्यावरचा पदर गेला, काढ. ही जेवून राहिली, काढ. हे चांगलं हाये, पन हिची सासू शकी हाये, काढ." उरलेल्यांच्या प्रिंटा तिथंच तिच्या देखत. मग सगळं कार्ड फॉरमॅट करायचं आणि कॅमेऱ्यात घालून दाखवायचं. रिकाम्या कार्डावर पडद्यावर इंग्रजीत फोटो नसल्याचं येतं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या अक्षरांचा आकार तिला पाठ होता. तो दिसला की विचारायची, "पुसलं?"

"पुसलं."

"कसम?"

मी शपथ घेत नाही हे तिला ठाऊक होतं, तरी दर वेळी विचारायचीच.

तिचा संशय नुसता बायकांच्या फोटोंपुरता नव्हता. ती वर्षंच तशी होती. कापसाचा भाव पडलेला, वीज दिवसातून मनात येईल तेव्हा जाणारी, आणि बाजारात बोगस बियाणं. फुफीच्या नवऱ्याचं शहराबाहेर थोडं वावर होतं. एका हंगामात चकचकीत पाकिटातलं सरकीचं बी पेरलं आणि त्यातलं निम्मं उगवलंच नाही. तेव्हापासून पाकीट दिसलं की ती तोंड वाकडं करायची. "पाकिटावर बोंड छापलं म्हनून आतमंदी बी कापसाचंच असते काय?" मी नवीन मेमरी कार्ड आणलं तेव्हा तिने पाकिटावरचा आकडा बोटाने दाखवून हेच विचारलं. मी हसले. घरी येऊन कार्ड भरून पाहिलं, तर लिहिलेल्या निम्म्यालाच ते थांबलं. नकली निघालं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने माझ्याकडची सगळी कार्डं चावून तपासली असती.

कार्डाची काळजी मात्र तिला शिकवावी लागली. पहिल्यांदा तिने चिप पानाच्या बटव्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी कार्ड वाचेचना. पाहते तर मागच्या पिवळ्या पट्ट्यांवर चुना. मी पोरांच्या खोडरबराने हळू पुसून, फुंकर मारून पुन्हा लावलं तेव्हा चाललं. "पान तुम्ही खा, त्याला देऊ नका," मी म्हटलं आणि प्लास्टिकची डबी दिली. कार्डाच्या कडेला बारीक खटका असतो, तो खाली सरकवला की कार्डावर काही लिहिता येत नाही, पुसताही येत नाही, हेही दाखवलं. हे तिला फार आवडलं. "कुलूप हाये म्हन ना." मग माझ्या पिशवीतल्या सगळ्या कार्डांना तिने गुपचूप कुलूप लावून टाकलं, आणि पुढच्या निकाहाला माझा कॅमेरा एकही फोटो घेईना. नवरी मान खाली घालून बसलेली, मी घामाघूम. फुफी बाजूला येऊन कानात म्हणाली, "मशीनबी शहानं झालं. बायका पाहून थांबलं."

आणखी एक नियम मी तिला शिकवला होता. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड काढायचं नाही. तेव्हा फोटो आत उतरत असतो. तिने मान डोलावली होती. पण तिची मान सगळ्यालाच डोले, पटायची फार थोड्याला.

अंजनगाव सुर्जीला लग्न होतं. नवरी नसरीन फुफीच्या नात्यातली, तेल्हाऱ्याला दिलेली. कापसाचं साल वाईट गेलं की लग्नं लहान होत आणि मानापमान मोठे, तसंच होतं. वीज गेली, जनरेटर लागला, नवरी निघायची वेळ झाली. नवऱ्याकडचा एक जण फोटोवाला मोबाइल घेऊन बायकांच्या खोलीत घुसला. आरडाओरडा झाला. मी नुकताच नवरीचा फोटो घेऊन कॅमेरा खाटेवर ठेवला होता आणि फ्लॅशचे सेल बदलत होते. फुफीने आधी त्या पोराचा मोबाइल हिसकावला. मग माझ्याकडे वळून कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि चिप ओढून घेतली. शंभरदा मला तसं करताना पाहिलं होतं तिने. लाल दिवा लुकलुकत होता.

"फुफी, दिवा."

"मानसं घुसून राहिले आन तू दिवा पाहून राहिली."

कार्ड पुन्हा घातलं तर कॅमेरा म्हणाला, कार्डात बिघाड आहे, फॉरमॅट करू का. मी नाही म्हटलं. अशा वेळी कार्डाला हात लावायचा नसतो, त्यावर एकही नवीन फोटो घ्यायचा नसतो. बाहेर काढलं, खटका खाली केला, डबीत टाकलं. दुसऱ्या कार्डावर उरलेले चार फोटो घेतले. तोवर नवरी गाडीत बसलेली होती.

मला वाटलं होतं, थोडी रडारड होईल आणि संपेल. फोटो खराब होतातच. पण तेल्हाऱ्याहून नसरीनचा फोन फुफीला आला. सासू विचारत होती, फोटो कुठं आहेत. खराब झाले म्हटलं तर तिथं कोणाला पटेना. फुफी दुकानात येऊन मला सांगत होती आणि माझ्याकडे रोखून बघत होती.

"ते म्हनतात, गेले म्हंजे कुठं गेले? कोनाकडं गेले? आमच्या सुनेचे फोटो कोनं ठेवून घेतले?"

"कोणी नाही ठेवले. कार्ड बिघडलं."

"मले नको सांगू. मीबी तेच इचारलं असतं."

हे खरं होतं. नव्या घरात आलेली मुलगी, आणि तिचे फोटो कोणाकडे तरी आहेत अशी कुजबुज. उद्या त्यातून काय निघेल याचा भरवसा नव्हता. नसरीन फोनवर रडली नव्हती म्हणे, फक्त हळू बोलत होती. फुफीला तेच जास्त लागलं.

अमरावतीला एक जण बिघडलेल्या कार्डातून फोटो काढून देतो, असं ह्यांना कळलं. आम्ही दोघी एसटीने गेलो. चौकामागच्या गल्लीत लहानसं कंप्युटरचं दुकान, आत एक चष्मेवाला तरुण. सभ्य होता. म्हणाला, "मावशी, कार्ड ठेवून जा. उद्या या."

फुफी म्हणाली, "चिप राह्यली त मीबी राह्यतो. वळकटी आनू का?"

तो हसला. तिने हसण्याकडे लक्ष दिलं नाही. "पयले हिच्या रिकाम्या चिपवर करून दाखव. मंग पाहू." मी पिशवीतलं एक कार्ड दिलं. जुन्या शहरातल्या लग्नांत वापरलेलं, फुफीच्या डोळ्यांसमोर फॉरमॅट केलेलं. त्याने ते लावलं, प्रोग्राम सुरू केला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली, आणि तिच्याखाली बारीक बारीक चौकोन उमटायला लागले. मेंदी काढलेले हात. मग हात तोंडाशी नेलेली एक बाई. मग केस मोकळे सोडून बसलेली एक मुलगी, जिचा फोटो फुफीने सगळ्यात आधी पुसायला लावला होता.

मला काही सुचायच्या आत फुफीने खांद्यावरची काळी ओढणी ओढली आणि पडद्यावर टाकली.

"ऊठ. बाहीर जा."

"मावशी, दुकान माझं आहे."

"मंग शटर खाली वढ आन बाहीर उभा राह्य."

तो गेला, बिचारा. ओढणीखाली पट्टी सरकतच होती, कापडातून हिरवा उजेड दिसत होता.

"तू पुसलं होतं," फुफी म्हणाली.

"पुसलं होतं."

"माह्यासमोर."

"तुमच्यासमोर."

"मंग हे कोन हाये?"

तोवर मलाही तेवढंच माहीत होतं, की पुसलं म्हणजे गेलं. चष्मेवाल्याने शटरच्या फटीतून समजावून सांगितलं ते मी तिला सोपं करून सांगितलं. पुसताना कॅमेरा फक्त दारावरची नावाची पाटी काढतो. घर रिकामं आहे असं लिहून ठेवतो. माणसं आतच असतात, दुसरं कोणी राहायला येईपर्यंत.

तिने पडद्यावरची ओढणी नीट केली. मग म्हणाली, "म्हंजे पोरी इतके दिवस आतच होत्या. आन मी घरोघरी सांगून आली, गेल्या म्हनून."

आता ती माझ्यावर उलटणार, असं मला वाटलं. माझ्या 'पुसलं' या शब्दावर तिने किती घरांत आपला शब्द दिला होता, ते मला माहीत होतं. पण तिने फक्त ओढणीचं टोक वर करून आत पाहिलं, एकेक ओळखली, आणि मला प्रोग्राम बंद करायला लावला. मग चष्मेवाल्याला आत बोलावलं. त्याच्याकडून प्रोग्रामची सीडी घेतली, तो कसा चालवायचा हे मला रिकाम्या पडद्यावर शिकवायला लावलं. अंजनगावची चिप मुठीतून बाहेर आलीच नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मूर्तिजापूर मागे पडल्यावर विचारलं, "पुसलेलं कुठं जाते?"

"कुठंच जात नाही. त्या जागेवर दुसरं काही बसवावं लागतं. कार्ड पूर्ण भरावं लागतं."

ती बाहेर बघत म्हणाली, "वावरावानी. तन नुसतं उपटून होत नाई. वर काही पेरा लागते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानाचं शटर ओढून अंजनगावचं कार्ड लावलं. हे पानठेल्यावर. बहुतेक फोटो आले. काही अर्धे आले, वर चेहरे आणि खाली राखाडी पट्टा. शेवटचा, निघतानाचा, तसाच होता. नसरीनचा चेहरा हनुवटीपर्यंत स्वच्छ, त्याखाली काही नाही. मी तो बाजूला टाकला. फुफीने परत उचलला. "अर्धाबी लाव. नाई त म्हनतीन, बाकीचा अर्धा कोनाकडं हाये."

अल्बम घेऊन ती स्वतः तेल्हाऱ्याला गेली. सासूपुढे ठेवला, अर्धे फोटो आधी दाखवले, ते का अर्धे आहेत हेही सांगितलं, आणि चूक कोणाची तेही. "म्या वढली चिप. लाल दिवा होता." फुफी चूक कबूल करतेय म्हटल्यावर सासूचा विश्वास बसला, कारण तसं कधी कोणी ऐकलं नव्हतं. पुढे नसरीनचा फोन आला, की घरात कोणीही बाई आली की सासू तो अल्बम काढते आणि अर्ध्या फोटोपाशी थांबून फुफीची गोष्ट सांगते.

जुनी कार्डं राहिली होती. ती भरून टाकू, मी म्हटलं. फुफीला नुसतं म्हणणं पुरेसं नव्हतं. "कोन जानते, भरल्यावरबी आतच राह्यले त? पयले माह्यावर पाह्य."

फुफीने आयुष्यात कोणाला फोटो काढू दिला नव्हता. मतदार कार्डाचा एक होता, त्यात ती चोरासारखी दिसे आणि तिला ते चालत असे. त्या दिवशी ती दुकानातल्या स्टुलावर बसली, नकाब वर केला, आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्यानेच काहीतरी लपवलंय. मी फोटो काढला. कार्ड फॉरमॅट केलं. प्रोग्राम चालवला. फुफी पडद्यावर परत आली. नाकातली चमकी, पानाने लाल ओठ, कपाळाला आठी. ती स्वतःकडे बराच वेळ बघत राहिली. "बुढी झाली," एवढंच म्हणाली. मग, "भर आता."

काय भरायचं हा प्रश्न होता. मी कॅमेरा दुकानाच्या मागच्या भिंतीकडे वळवला, पोपटी रंग, एका कोपऱ्यात ओल. कार्ड भरेपर्यंत भिंतच काढत राहिले. मधेच तिने कॅमेरा हातात घेतला आणि काही भिंती तिने काढल्या, तिरप्या. मग फॉरमॅट, मग प्रोग्राम. हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली. भिंत, भिंत, तिरपी भिंत. फुफी कुठंच नव्हती.

"गेली?"

"गेली."

तिने 'कसम?' विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. मात्र माझी सगळी जुनी कार्डं आम्ही त्या भिंतीने भरली, आणि पुढे दर लग्नानंतर भरत राहिलो. ह्यांना वाटे, भिंतीचे इतके फोटो म्हणजे बायकोचं डोकं फिरलं.

मग मोबाइल आले. प्रत्येक पोरीच्या हातात कॅमेरा आणि प्रत्येक फोटो एका सेकंदात कुठल्या कुठं. फुफी लग्नांत यायची, बसायची, पण तळहात पुढे करायला जागा उरली नाही. "आता चिप मांगाची कोनाले?" एकदा मला म्हणाली. "सगळ्याइच्याच मुठीत हाये. कोनाचीच मूठ बंद नाई." मी पासपोर्ट फोटोंवर परत आले. ती अधूनमधून दुकानात येऊन बसायची, आलेल्या गिऱ्हाइकांवर संशय घ्यायची आणि पान लावून जायची.

थोड्या दिवसांच्या आजारात ती गेली. मला उशिरा कळलं. कळलं त्या दुपारी मी कपाटातून तिच्या फोटोवर भिंत भरलेलं ते कार्ड काढलं आणि प्रोग्राम चालवून पाहिला. भिंत होती. काम चोख झालं होतं.

पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा हमीद आला. वेल्डिंगचं दुकान आहे त्याचं, हाताला भाजल्याचे डाग. उभाच राहिला.

"काकू, अम्मीचा एक फोटो तुमच्याकडं हाये."

"होता. पुसला. तिनंच पुसायला लावला."

"मतदार कार्डावरची अम्मी नाई वाटत. माह्या पोरीनं पाह्यलं त म्हने, हे कोन हाये." थोडा थांबला. "पुसलेलं वापस येते. अम्मीच सांगे."

"भरलेल्या कार्डावरून येत नाही. तेही तिनंच करून पाहिलं. त्याच्यावर आता भिंत आहे, बाबा. ही, मागची."

त्याने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी बरीच वर्षं ओळखत होते. गेला म्हणजे कुठं गेला, कोणाकडं गेला, असं त्या नजरेत होतं, आणि मी चांगली आहे हेही त्याला माहीत होतं. त्याने उजवा तळहात पुढे केला.

"चिप द्या."

मी डबीतून कार्ड काढलं, मागच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसल्या, कडेचा खटका खाली सरकवला, त्याच्या तळहातावर ठेवलं. मूठ मिटली.

"अमरावतीले दाखवून पाह्यतो," तो दारातून म्हणाला.

"दाखव," मी म्हटलं. "कुलूप लावून दिलंय. काढू नको. आणि त्याच्यावर आता दुसरं काही भरू देऊ नको."